लंडनच्या बुकावरचा जांभळा शिक्का

त्या माणसाने मला पहिल्याच दिवशी मोजलं. वसईत सांडोरला त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. टेम्पोतून सामान उतरत होतं आणि घरमालक हातात गाठी मारलेली सुतळी घेऊन माझ्यापुढे उभे.

"बाय, जरा सरळ उभी राहा."

मला वाटलं गावची काही रीत असेल. मी पदर सावरून, फोटोला उभी राहते तशी उभी राहिले. त्यांनी टाचेपासून कपाळापर्यंत सुतळी धरली, पुटपुटत गाठी मोजल्या, बंडीच्या खिशातून तळहाताएवढं काळं पुस्तक काढून त्यात काहीतरी बघितलं आणि जाहीर केलं, "स्वयंपाकघरातली फळी चार हातांवर ठोकतो. त्याच्यावर गेली तर तुझा हात पोचायचा नाय."

फळी ठोकली. हात पोचला. हाच त्या माणसाचा सगळ्यात मोठा दोष. दहातलं एखादं बरोबर यायचं, आणि मग उरलेल्या नवांसाठी भांडायला आपल्याला तोंड उरायचं नाही.

ते काळं पुस्तक म्हणजे त्यांचं 'बुक'. गावात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे, 'बुकवाले' म्हणत. त्यांचे आजोबा मुंबईत कुणा गोऱ्या साहेबाकडे खानसामा होते. साहेब विलायतेला परत जाताना घरातली बाकीची भांडीकुंडी इतरांनी नेली आणि आजोबांच्या वाट्याला हे आलं. लंडनला छापलेलं, तीनशे वर्षांपूर्वीचं. खिशात ठेवून फिरायचं आणि अडलं की उघडायचं, असं सगळ्या कामांचं पुस्तक. लाकूड कसं मोजावं, पिंपात किती मावतं, कलम कधी बांधावं, शाई कशी करावी, कसर कशी घालवावी, घोडा खोकला तर काय पाजावं. ज्या इंग्रजासाठी ते लिहिलं तो मातीला मिळून तीन शतकं झाली होती. आमचे घरमालक मात्र त्याबरहुकूम केळीची वाडी करत होते.

आता माझ्याबद्दल. मी तेव्हा तिशी ओलांडलेली, आणि सहा महिन्यांचा ग्रंथपालनाचा कोर्स करून वसईतल्या एका शाळेत ग्रंथपाल म्हणून नुकतीच लागलेली. त्या सहा महिन्यांचा मला जो माज होता तो डॉक्टर लोकांना सहा वर्षं शिकून येत नाही. घरातल्या डाळींच्या डब्यांवर मी वर्गीकरणाचे क्रमांक चिकटवले होते. आमचे हे सातिवलीच्या कारखान्यातून दमून यायचे आणि साखरेचा डबा सापडेना म्हणून अळणी तोंड करून बिनसाखरेचा चहा प्यायचे. मी त्यांना सांगायची, "सामाजिक शास्त्रांच्या शेजारी बघा." आज माझी नात हे ऐकून लोळून हसते. तेव्हा कोणी हसलं नाही, म्हणून माझं फावलं.

असा माझा तो काळ, आणि त्यात हा म्हातारा.

काय काय सांगू? विहिरीच्या कठड्यावर त्यांनी बुकात बघून सावलीचं घड्याळ बसवलं होतं. पत्र्याचा तो त्रिकोण कापला होता लंडनच्या सूर्याच्या मापाने. दिवसातल्या कुठल्याही वेळी माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी त्याचं पटलं नाही. त्या हिशेबाने ते रविवारी मिस्साला निघायचे आणि प्रवचन संपता संपता पोचायचे. फादरांनी त्यांच्यासाठी शेवटच्या बाकावर जागा ठेवायची सवय करून घेतली होती. एकदा मी न राहवून म्हटलं, "काका, ते लंडनला बरोबर असेल. इथे कसं चालेल?"

"का? सूर्य दोन हायत काय?"



भरतीचं तसंच. लंडनच्या पुलाखाली पाणी कधी चढतं त्याचं कोष्टक बघून ते खाडीवर जायचे. पाणी भलत्याच वेळी चढायचं. परत येऊन पायाचा चिखल धूत मला सांगायचे, "समुद्र चुकतोय, बाय." माझ्या पाण्याचं पिंप ते काठीने मोजायचे आणि संध्याकाळी दारात येऊन सांगायचे, "आज तेवीस गॅलन. काल एकोणीस. कोण पाहुणा आला होता काय?" आमच्या ह्यांना एकदा पंधरा दिवस खोकला होता, तर बुकातला घोड्याचा काढा करून आणला: लसूण, मध आणि ताडीचा शिरका. हे घाबरले.

"अहो काका, हे घोड्याचं आहे ना?"

"म्हणून तर पाव भाग आणला."

खोकला गेला. माझं ठाम मत आहे की तो भीतीने गेला. पण बुकाच्या खात्यावर आणखी एक बरोबर जमा झालं.

मी इंग्रजी घेऊन बीए झालेली. एकदा हौसेने ते बुक हातात घेऊन मोठ्याने वाचायला गेले आणि दुसऱ्याच ओळीला आडवी झाले, कारण जुन्या छपाईतला स मला फ दिसत होता. चौथी शिकलेल्या म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावरून बघत मला दुरुस्त केलं. तेव्हापासून बुकावर माझा डूख होता, हे कबूल करते.

आणि त्यात भर म्हणजे बुकाच्या समासात लिहिलेलं होतं. पानोपानी. आधी कोणा दुसऱ्याच हाताचं, मग आणखी कोणाचं, मग त्यांचं. सगळे आकडे. जुने आकडे शाईचे. ती शाई बुकातल्याच कृतीने हिरडा आणि लोखंडाचा कीस घालून केलेली, आणि ती इतकी जहाल निघाली की काही ठिकाणी आकड्याच्या जागी आकड्याच्या आकाराचं भोक पडलं होतं. म्हणून अलीकडचे आकडे त्यांनी पेन्सिलीने लिहिलेले. "एवढ्या जुन्या पुस्तकात कोणी लिहितं का?" मी करवादले.

"बाय, ह्यात आमची विहीर हाय," ते म्हणाले.

मला काही कळलं नाही, आणि कळून घ्यायची मी तसदी घेतली नाही. ते सांगत राहिले. ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी, आजोबा विहिरीत सुतळी सोडायचे, कठड्यापासून पाणी किती हात खाली आहे ते बघायचे आणि लिहायचे. मग वडील. मग हे. आजूबाजूच्या वाड्यांमधून दहाएक वर्षांपासून पाण्याचे टँकर भरून नव्या इमारतींकडे जात होते. त्यांनी आपली विहीर दिली नव्हती. "उद्या कोणी विचारलं पानी किती उतरलं, तर विहीर बोलणार काय? बुक बोलेल."

मी म्हटलं, "हो का?" आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला आत गेले.

मग त्यांच्या डोळ्यांचं झालं. मोतीबिंदूचं ऑपरेशन. मनवेलपाड्याहून पुतण्या आला. म्हाताऱ्याला बायको नव्हती, मूल नव्हतं, हा एक पुतण्या. रजा काढून राहिला, चार चार तासांनी डोळ्यांत थेंब घातले, पेज करून भरवली. वाईट नव्हता हो तो, उगाच कशाला बोलू. पट्टी सुटली आणि म्हाताऱ्याला लख्ख दिसलं, तेव्हा भरून येऊन ते म्हणाले, "माग तुला काय पायजे ते." पुतण्या म्हणाला, "काका, ते बुक द्या." त्याला कोणीतरी सांगितलं होतं की असलं पुस्तक जगात मोजकंच सापडतं, आणि मुंबईतला एक जुन्या वस्तू घेणारा माणूस ते बघायला यायला तयार होता. ईस्टरनंतरच्या रविवारी.

म्हातारा विहिरीच्या कठड्यावर बसून राहिला. मी विचारलं तर म्हणाले, "माझा बायबलातला हेरोद राजा झाला, बाय. वचन दिलं आणि मुंडकं मागितलं."

"दशरथ म्हणा," मी म्हटलं. "आमच्याकडे हेच घडलंय."

"मग तुमच्या दशरथानं काय केलं?"

"मेला."

"हेरोद नाय मेला," ते म्हणाले, आणि विचारात पडले. "पण त्यानं दिलंच की."

दोन दिवसांनी ते माझ्या लायब्ररीत आले. अर्थात सावलीच्या घड्याळाने, म्हणजे मी कपाटं बंद करत असताना. समोर स्टुलावर बसले आणि नव्या पुस्तकांवर मी काय काय करते ते बघत राहिले. मला काय, असा श्रोता मिळतो कुठे! मी त्यांना सगळं दाखवलं. खाकी कव्हर, दाखल क्रमांक, मागचा खिसा, तारखांची पट्टी.

"आणि हा शिक्का कशाला?"

"पुस्तक शाळेचं आहे हे कळायला. शिक्का असला की चोरलं तरी कोणी विकत घेत नाही."

"असं? कोणीच नाय घेत?"

"इज्जतदार माणूस तरी नाही घेत."

"आणि ते पान फाडून टाकलं तर?"

"म्हणून तर सतराव्या पानावर दुसरा शिक्का! ते फक्त ग्रंथपालाला माहीत असतं." आणि हे गुपित मी त्यांना सांगून टाकलं, इतकी मी शहाणी.

दुसऱ्या दिवशी बुक माझ्या हातात आलं, बिस्किटांच्या डब्यात, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं. "रविवारी पाहुणा बघायला येणार. कव्हर घालून दे. तुझ्या बुकांना करतेस तसं सगळं कर."

"सगळं?"

"सगळं."

आता कोणीही दुसरी बाई असती तर तिला काहीतरी वाटलं असतं. मला वाटला अभिमान. शेवटी म्हाताऱ्याला माझ्या विद्येची किंमत कळली! मी लायब्ररीचं दार लावून घेतलं आणि त्या तीनशे वर्षांच्या पुस्तकाला दुसरी ते चौथीच्या गोष्टींच्या पुस्तकासारखं तयार करायला घेतलं. खाकी कव्हर घातलं. खळ लावून खिसा चिकटवला. दाखल नोंदवहीत नोंद केली. आणि मग पहिल्या पानावर, जिथे लंडन असं छापलं होतं, बरोबर त्याच्यावर, शाळेचा गोल जांभळा शिक्का दाबून मारला. सतराव्या पानावर दुसरा. इतका सुरेख उमटला की मी पुस्तक लांब धरून बघितलं.

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण कोर्समध्ये शिकवलं होतं की वाचकांनी केलेल्या पेन्सिलीच्या खुणा खोडून पुस्तक स्वच्छ करावं. मी खोडरबर काढलं. शाईचे आकडे जाईनात, ते राहिले. पेन्सिलीचे सगळे गेले. फुंकर मारून मी चुरा उडवला.

संध्याकाळी कठड्यावर त्यांनी बुक उघडलं. शिक्का बघितला, बोट फिरवलं, मान डोलावली. "हे झ्याक." सतरावं पान काढलं. तिथेही मान डोलावली. मग पानं उलटत मागे गेले आणि थांबले.

"इथलं कुठंय?"

"खोडलं ना. पेन्सिलीचं होतं, सगळं साफ केलं."

 ते त्या कोऱ्या समासाकडे बघत राहिले, नवे डोळे बारीक करून. अकरा वर्षं होती तिथे. अकरा पवित्र शनिवार. टँकर सुरू झाल्यापासूनचे सगळे. मग ते उठून विहिरीत वाकून बघायला लागले, तिथे कुठे लिहून ठेवलंय की काय अशा तऱ्हेने. तेव्हा, त्या मिनिटाला, माझ्या डोक्यात उजेड पडला की विहीर बुकात आहे म्हणजे काय. पाण्याचा खरा हिशेब त्या सबंध पट्ट्यात त्या एका समासात होता आणि मी तो फुंकर मारून उडवला होता. मी रडायला लागले. चांगली भोकाड पसरून.

"रडू नको. पेन आण."

मी पेन आणलं. त्यांनी डोळे मिटले आणि न अडखळता सांगायला लागले. "पहिलं साल, अकरा हात. लिही. त्याच्या पुढचं, अकरा आणि चार बोटं. त्याच्या पुढचं, पाऊस बरा झालेला, पावणेअकरा..." मी लिहीत होते आणि थक्क होत होते. अकराच्या अकरा. एकदाही मागे आले नाहीत. माझा एक थेंब पानावर पडला तेवढं त्यांना कळलं.

"शाई पसरते, बाय. बाजूला रड."

रविवारी तो माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, खिशात भिंग. पुतण्याने नवा टेबलक्लॉथ अंथरला होता. म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने बुक त्याच्यापुढे ठेवलं. त्याने खाकी कव्हर बघून भुवई उचलली, पहिलं पान उघडलं आणि भिंग खिशात परत ठेवलं.

"हे शाळेच्या लायब्ररीचं आहे."

"शाळेचं कसं असेल?" पुतण्या उठलाच. "मॅडम, हे काय?"

मी तोंड उघडलं. माझी चूक झाली, मी पत्र देते, नोंद रद्द करते, हे सगळं माझ्या जिभेवर होतं, कारण मी अशी बाई की चूक झाली की ती टाईप करून, सही-शिक्क्यानिशी कबूल करावी. पण म्हातारा मध्येच बोलला.

"बाय, खोटं बोलायचं नाय हां. शिक्का तुझा हाय का नाय?"

"आहे, पण..."

"वहीत लिवलंय?"

"लिहिलंय, पण काका..."

"झालं तर."

पाहुणा सज्जन होता. चहा प्यायला, वाडीतल्या वाळवलेल्या केळ्यांचा, सुकेळीचा, एक पुडा घेऊन गेला. पुतण्या फाटकापर्यंत त्याच्या मागे गेला आणि लालबुंद होऊन परत आला. "काका, तुम्ही शब्द दिला होता!"

"पाळला. बुक समोर ठेवलं. घेणाऱ्यानं घेतलं नाय, त्याला मी काय करू?"

पुतण्या निघून गेला. जाताना टेबलक्लॉथही घेऊन गेला. मी म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हातारा विहिरीकडे बघत होता.

"तुम्ही मुद्दाम केलंत! सगळं कर म्हणालात ते यासाठी!"

"मग? हेरोदाला लायब्ररी नव्हती."

"आणि मी रडले ते? ते खोडलेलं?"

इथे त्यांचा चेहरा जरा पडला. "शिक्क्याचं सगळं विचारून घेतलं होतं," ते म्हणाले. "खोडरबराचं विचारायचं राहिलं."

ही गोष्ट इथे संपली असती तर मी त्यांना क्षमा केली असती. पण मुख्याध्यापिका सिस्टरांनी दाखल नोंदवही तपासली आणि विचारलं, या पुस्तकाचं बिल कुठे? बिल नव्हतं. मग ती देणगी ठरली, म्हाताऱ्याची सही घेतली, आणि बुक खरोखरच शाळेचं झालं. त्यामुळे स्वतःचं बुक घरी ठेवायला त्यांना लायब्ररीचं कार्ड काढावं लागलं, आणि दर पंधरा दिवसांनी मुदत वाढवायला यावं लागलं. हे माझ्या आयुष्यात किती वर्षं चाललं याचा विचार करा! येणार तर कपाटं बंद झाल्यावर. मुदत उलटून आले आणि मी बोलले की बुकाच्या पुढच्या भागातलं पंचांग काढून दाखवणार. ते पंचांग जुन्या इंग्रजी कालगणनेचं, आपल्यापेक्षा तेरा दिवस मागे चालतं. "बुकाप्रमाणे अजून तारीख यायचीय, बाय." ईस्टर मात्र चर्चच्या कॅलेंडरप्रमाणे, तेवढा तेरा दिवस मागे ढकलायची त्यांची तयारी नव्हती. आमचं स्वतःचं घर झालं, आम्ही सांडोर सोडलं, तरी शाळेत ते आलेच. तारखांच्या पट्ट्या भरल्या, एकीवर एक चिकटवल्या, मागचा पुठ्ठा केकसारखा फुगला. मी शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाला त्यांची गोष्ट सांगायची: एका माणसाने डोळे मिटून अकरा वर्षांचं पाणी कसं तोंडपाठ सांगितलं. मुलं डोळे मोठे करून ऐकायची.

ते गेले तेव्हा नवं शतक सुरू होऊन काही वर्षं झाली होती. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे दिवस होते. दोन आठवड्यांनी पुतण्या लायब्ररीत आला. पोट सुटलेलं, केस पिकायला लागलेले. टेबलावर बिस्किटांचा डबा ठेवला.

"मॅडम, मुदत संपून गेलीय."

आम्ही दोघंही त्यावर हसलो, आणि मग त्याने डोळे पुसले. मी बुक उघडलं. माझ्या अक्षरातले ते अकरा आकडे, शेजारच्या पानावर त्यांचे पुढच्या सालांचे, वेळेसकट. आणि माझ्या आकड्यांच्या खाली, पेन्सिलीने, एक ओळ, मी कधी न बघितलेली. मुदत वाढवताना मी फक्त मागची पट्टी बघायची ना!

'वरचे अकरा आठवत नव्हते. बाय फार रडत होती म्हणून सांगितले. त्यातले तीन खरे असतील.'

मी ती ओळ तीनदा वाचली. इतक्या वर्षांत, दर पंधरवड्याला माझ्यासमोर स्टुलावर बसून, मी रेंगाळलेल्या मुलांना ती गोष्ट सांगत असताना माझं तोंड बघत असलेला हा माणूस! एकदा म्हणून बोलला नाही. उलट एकदा एका मुलीने विचारलं, "आजोबा, खरंच पाठ होतं?" तर म्हणाले, "बाय सांगते म्हणजे असेल." समोर असते तर मी ते बुक त्यांना फेकून मारलं असतं, शाळेची मालमत्ता असली तरी.

"काय लिहिलंय?" पुतण्याने विचारलं.

"काही नाही. माझी टिंगल केलीय."

त्याने खिशातून सुतळी काढली, गाठी मारलेली. "परवा पवित्र शनिवार आहे, मॅडम. ही सापडली. पण मोजायचं कसं, पहिली गाठ कठड्याला धरायची की हातात, ते मला कोणी सांगितलंच नाही."

मला माहीत होतं, सांडोरला राहताना बघितलेलं. पहिली गाठ कठड्याला. शनिवारी आम्ही दोघं विहिरीवर वाकलो. सुतळी त्याने सोडली, गाठी मी मोजल्या. मोजून झाल्यावर पुन्हा मोजायला लावल्या, कारण आता या समासात एकही खोटा आकडा जाणार नव्हता. सतरा हात आणि दोन बोटं. मी पेन्सिलीने लिहिलं. शाईने लिहायची मला हिंमत झाली नाही.

"काका वेळ पण लिहायचे," पुतण्या म्हणाला. "आत्ता किती वाजले?"

माझ्या मनगटावर सव्वानऊ झाले होते. मी कठड्यावरच्या पत्र्याच्या त्रिकोणाकडे बघितलं, त्याची सावली कुठे पडलीय ते नीट वाकून बघितलं, आणि लिहिलं, साडेआठ.